तिरंगी फराळाचे अकरा डबे

आश्विन उतरला. माणदेशाच्या उघड्याबोडक्या टेकड्यांवर उन्हाचं पितळ वितळलं आणि वितळत वितळत खाली आलं. खडकावरून माळावर, माळावरून बांधावर, बांधावरून कारळ्याच्या शेतात. कारळं फुललं होतं. पिवळं, पिवळंधमक, पिवळंजर्द! दृष्टी जाईल तिथवर सुवर्णपुष्पांची दाटी, आणि तिच्यावर मधमाश्यांचं अखंड, मंद्र गुंजन. वारा नव्हता. ढग नव्हता. पाऊस निरोप घेऊन गेला होता आणि थंडी अजून वाटेतच होती.

अशा दिवसांत किळस यावी असं काही घडू नये. पण घडलं. कुरणवाडीच्या समाजमंदिरात घडलं, भर सकाळी घडलं, सनईच्या सुरात घडलं. आणि ते सांगायला बसलं की माझ्या जिभेवर अजून आंबूस चव येते. येऊ दे. सांगायचं तर आहेच.

समाजमंदिराच्या दारावर फलक लागला होता. फलक कसला, अख्खं दार झाकणारी ताडपत्री! तिच्यावर प्रेरणाताईंचा हसरा, हात जोडलेला, गुलाबी मुखचंद्रमा. प्रेरणाताई म्हणजे गावच्या सेवा-प्रतिष्ठानच्या अध्यक्षा. त्यांच्या हसण्यात दात जास्त, माया कमी. त्यांच्या पदराच्या काठाशी, सुपारीएवढे, अकरा जवान. कोण कोणता ते त्यांच्या आयांनाही ओळखू येऊ नये, इतके बारीक. आणि तळाशी ठसठशीत अक्षरांत एक वाक्य: "लाडू एक नंबर! – परदेशस्थ जवानांची दाद."

ते वाक्य कौसल्याकाकी जगदाळ्यांच्या धैर्यशीलचं होतं. मागल्या दिवाळीत तो फोनवर म्हणाला होता, "आये, लाडू एक नंबर!" काकींनी ते आडावर सांगितलं, बाजारात सांगितलं, म्हशीचं दूध घालता घालता डेअरीवर सांगितलं. सांगताना त्यांच्या रापलेल्या, करपलेल्या चेहऱ्यावर असं काही ऊन पडे की ऐकणारीनं हातातलं काम सोडून बघत राहावं. ताईंनी ते वाक्य उचललं आणि ताडपत्रीवर छापलं.

धैर्यशील दक्षिण सुदानात होता. कुरणवाडीचे आणि आसपासच्या वाड्यांचे अकराजण एकाच पलटणीत, निळी शिरस्त्राणं घालून, दुसऱ्यांच्या भांडणात शांतता राखायला गेलेले. त्या देशाचं नाव काकींच्या जिभेवर बसत नसे. त्या नुसतं 'तिकडं' म्हणत. तिकडं लाल माती आहे. तिकडं पाऊस पडला की रस्ता राहत नाही. तिकडं या श्रावणात पोराला कावीळ झाली. कावीळ गेली, पण तोंडाची चव गेली ती परतली नाही. भाताचा घास गालातल्या गालात फिरे आणि ताटात परत येई. पोरगा निम्मा झाला, हे काकींना फोनच्या एवढ्याशा काचेत दिसलं.

"आये, कारळ्याची चटणी धाड गं," तो म्हणाला. "तेवढीच उतरंल घशाखाली."

एवढंच मागणं. एका लेकराचं, एका आईकडं, एवढंच.

मग काकींनी मागल्या सुगीचं कारळं काढलं. निवडलं, पाखडलं, खापरावर भाजलं. काळ्या, चकचकीत, नाजूक दाण्यांचा तडतड नाद घरभर झाला. लसूण घातला, खडेमीठ घातलं, तिखट घातलं आणि उखळात कुटत राहिल्या. कुटता कुटता तेल सुटलं, तेल सुटता सुटता वास सुटला. रात्रीसारखी काळी, मातीसारखी खमंग अशी ती चटणी त्यांनी घट्ट झाकणाच्या डब्यात दाबून दाबून भरली. सहा महिने ठेवा, हूं की चूं करणार नाही.

पण ती धाडायची कशी? तिकडं टपालाचा भरवसा नाही. अकराजणांतला एक, नायक फडतरे, रजेवर गावी आला होता. तो आठवड्यानं परत निघणार होता. त्याच्या सामानाबरोबर एक खोकं जाऊ शकत होतं. अकरा घरं आणि खोकं एक. फडतरेला पुण्याच्या विमानतळावर सोडणारी गाडी प्रतिष्ठानची, म्हणून खोकंही प्रतिष्ठानचं. खोक्यात अकरा डबे, डब्यात काय जायचं ते ताई ठरवणार.

आणि ताईंनी ठरवलं होतं. डबा उघडताच तिरंगा दिसला पाहिजे! वरच्या दोन ओळींत केशरी बुंदीचे लाडू. मधे ओल्या नारळाचे पांढरे लाडू, त्यांच्यावर निळ्या प्लास्टिकचं चक्र. खाली रंग घातलेली हिरवीगार बर्फी. आणि या सगळ्याच्या उरावर, काचेच्या चौकटीत, स्वतः ताई. चौकट मोठी आणि जड होती. ती ठेवायची म्हणून बुंदीच्या लाडवांची एक ओळ काढून टाकावी लागली. जवानांच्या पोटात गेली असती ती ओळ, ताईंच्या तसबिरीखाली गेली. वा रे वा, मानपान!

त्या सकाळी लाडू वळायला सगळ्या आया समाजमंदिरात जमल्या, तेव्हा काकींनी चटणीचा डबा पदराआडून पुढं केला.

"ताई, एवढी चटणी बसवा की यात. पोराला आजारपणानं चव न्हाई."

ताईंनी झाकण उघडलं, नाकाशी नेलं, झटकन बंद केलं. "अहो काकी, तिरंगा आहे तो. त्यात काळं कुठं बसवू?"

बायका हसल्या. हसायचंच होतं, ताई बोलल्या होत्या. काकींनी डबा परत पदराआड घेतला. त्या हसण्यात आपल्या शेजारणीचाही आवाज आहे, हे त्यांना ऐकू आलं आणि जिव्हारी लागलं.

चुलाण्यावर पाक उकळत होता. कढईत रवा आणि ओलं खोबरं, शुभ्र, वाफाळ, चिकट. पाहुणे बाराला यायचे होते, आणि पाहुणे आले की फोटो, फोटो झाला की पाहुणे पुढच्या गावी. म्हणून बायका गरम गरम लाडू वळत होत्या. बोटं भाजत होती, फुंकर मारत होत्या, वळत होत्या. वळला की डब्यात, डब्यावर पारदर्शक कागद, कागदावर चिकटपट्टी. कागदाच्या आतून लगेच वाफ धरत होती. थेंब थेंब, बारीक बारीक, लाडवांवरच परत टपकत होती.

"ताई, गार हुंद्या की," काकी म्हणाल्या. "वल्लं खोबरं हाय. घाम सुटंल त्येला."

"काकी, फोटो होऊ द्या. मग गार होऊ देत हवे तेवढे."

आणि काकींनी ऐकलं. हेच मला गिळवत नाही. ज्या बाईनं आयुष्यात कधी कोमट लोणचं बरणीत भरलं नाही, वाफ निवल्याशिवाय भाकरीवर भाकरी ठेवली नाही, तिनं मान खाली घातली आणि इतर दहा आयांबरोबर गरम लाडू वळले, गरम बांधले. मागल्या सालीही असेच वळले होते, असेच बांधले होते. अध्यक्षा, पाहुणे, कॅमेरा यांच्यापुढं आपल्या शहाणपणाला काय किंमत, असं त्यांना वाटलं. असं आपल्याला वाटतं, नेहमी वाटतं, आणि म्हणून आपलं असं होतं.

फोटो झाला. टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी एका डब्याला बोट लावलं, कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि ते गेले. डबे कोपऱ्यात रचले. समाजमंदिराला कुलूप लागलं. रवानगीचा समारंभ पाचव्या दिवशी होता, त्याला वेगळे पाहुणे होते.

बाहेर पिवळा आश्विन. आत काळोख, पत्र्याचं छप्पर, बंद खिडक्या, साचलेली उष्ण हवा. चार दिवस ऊन त्या पत्र्यावर बसून राहिलं. चार दिवस डबे घामेजत राहिले. केशरी रंग पांढऱ्यात झिरपला, हिरवा रंग पांढऱ्यात झिरपला, पाक पातळ झाला, खोबरं बुळबुळीत झालं. आणि त्या मऊ, ओलसर, शुभ्र देहांवर बारीक राखाडी लव उगवू लागली. कुणी पाहिलं नाही. काचेतल्या ताई तेवढ्या वरून हसत होत्या.

चौथ्या दिवशी दुपारी नायक फडतरे जगदाळ्यांच्या अंगणात आला. उंच, सावळा, शिस्तीचा गडी. आयांचे निरोप गोळा करत घरोघर फिरत होता. काकींनी चहा दिला आणि चटणीचा डबा पुढं सरकवला.

"तुझ्या पिशवीत ऱ्हाईल का रं, बाळा?"

"काकी, माझ्या सामानाला आता चिमूटभर जागा नाही. असती तरी एकट्या धीरूचं कसं नेऊ? दहा घरच्या आया मला काय म्हणतील? जाईल ते खोक्यातनंच जाईल."

"ऱ्हाऊंदे मग," काकी म्हणाल्या. हसल्यासुद्धा. "लाडू तर हायेत. मागल्या साली केवढा खूश झालता पोरगा! एक नंबर म्हणाला."

फडतरेनं बशी खाली ठेवली. वर पाहिना.

"काकी, आता मला खोटं बोलवत नाही," तो म्हणाला. मग बोलत गेला, जमिनीकडं बघत. मागल्या दिवाळीत खोकं पोचलं तेव्हा दुसऱ्या मुलखांतले जवान भोवती गोळा झाले होते. तुमच्या घरून काय आलं, दाखवा म्हणाले. डबे उघडले आणि सगळे चार पावलं मागं सरले. लाडवांना केस आले होते. लांब, राखाडी, मांजराच्या पाठीसारखे. वास असा की स्वयंपाक्यानं नाकाला रुमाल बांधला. "तंबूमागं खड्डा केला, काकी, आणि सगळं पुरलं. ताईंच्या तसबिरी तेवढ्या शाबूत होत्या. संध्याकाळी फोनला ओळीत उभे राहिलो, आणि ओळीतच ठरवलं, घरी काय सांगायचं ते. अकराजणांनी एकच सांगितलं."

आडावर सांगितलेलं, बाजारात सांगितलेलं, डेअरीवर सांगितलेलं ते वाक्य काकींच्या घशाशी आलं. शी! त्याच वाक्याची ताडपत्री गावाच्या तोंडावर फडकत होती. आधी त्यांना ताईंची किळस आली. मग त्या हसऱ्या गुलाबी चेहऱ्याची, मग टाळ्यांची, मग फोटोची. आणि शेवटी, सगळ्यांत शेवटी, गरम लाडू मुकाट्यानं बांधणाऱ्या आपल्या दहा बोटांची.

"उद्याच्या डब्यातबी त्येच असंल," त्या एवढंच म्हणाल्या.

पाचवा दिवस उजाडला. सनई लागली. समाजमंदिरापुढच्या मंडपात खुर्च्या, खुर्च्यांवर गाव, व्यासपीठावर ताई, नवे पाहुणे आणि खाली मान घातलेला फडतरे. टेबलावर अकरा डबे, प्रत्येकाला तिरंगी फीत. निवेदकानं गळा साफ केला आणि गर्जला, "पहिला डबा सुपूर्द करण्यासाठी आपल्या वीरमाता कौसल्याबाई जगदाळे!"

वीरमाता! ज्या माउलीचं लेकरू रणात पडलं, तिच्या कपाळी लिहिलेला तो शब्द.

"माझा ल्योक जिता हाय!" काकी ओरडल्या.

"तसं म्हणायची पद्धत आहे हो, काकी," निवेदक हसला. "मान असतो."

काकी व्यासपीठावर चढल्या. ताईंनी डबा त्यांच्या हातात दिला, त्यांचा खांदा धरून त्यांना कॅमेऱ्याकडं वळवलं आणि दात दाखवले. काकींनी फीत ओढली. चिकटपट्टी दातानं तोडली. कागद टराटरा फाडला.

वास आला. आधी गोडूस, मग आंबूस, मग असा की पाहुण्यांनी मान फिरवली आणि पुढच्या रांगेतली म्हातारी पदर नाकाला लावून उठली. केशरी नव्हतं, पांढरं नव्हतं, हिरवं नव्हतं. एक सपक, सैल, राखाडी रेंदा होता, त्यावर केसाळ गोळे होते, आणि गोळ्यांच्या मधोमध निळ्या प्लास्टिकचं चक्र रुतून बसलं होतं. काकींनी एक लाडू उचलला. तो मोडला नाही, लांबला. त्याच्या दोन भागांत चिकट, पांढुरक्या तारा लोंबल्या.

"खावा, ताई," काकी म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "आमच्या पोरास्नी धाडताय न्हवं? एक घास खावा."

ताई मागं सरल्या. "कॅमेरा बंद करा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, आणि तो हलका आवाज ध्वनिक्षेपकानं गावभर नेला.

आणि गाव? गाव काकींवर चिडलं. ऐका तर! चांगल्या कार्यक्रमाची शोभा केली म्हणे. पाहुण्यांपुढं नाक कापलं म्हणे. एकजण म्हणाला, भावना बघायची असते, लाडू बघायचा नसतो. मला त्या लाडवापेक्षा या माणसाची जास्त किळस आली, आणि अजून येते. तेवढ्यात ती शेजारीण उठली, त्या दिवशी हसलेली. व्यासपीठावर आली, आपल्या पोराच्या नावाचा डबा तिनं ओढला आणि फाडला. मग तिसरी उठली. मग सगळ्या आया. अकरा झाकणं उघडली, आणि मंडपात श्वास घ्यायची सोय राहिली नाही.

"गाडी दोनला सुटणार," फडतरे उठून उभा राहिला. पाच दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज पलटणीतल्यासारखा खणखणीत लागला. "दोनपर्यंत जे कोरडं आणाल ते नेतो."

मग काय धावपळ ती! भर उन्हात अकरा बाया अकरा दिशांना पळाल्या. फडताळं उघडली, गाडगी उतरली, पितळी डबे खडखडले. कुणी मेतकूट आणलं, कुणी खारवलेले शेंगदाणे. एकीनं हुलग्याचं पीठ आणलं, तर दुसरीनं घरात दुसरं काही नव्हतं म्हणून नुसता गुळाचा खडा फडक्यात बांधून आणला आणि देताना रडली. काकींची काळी चटणी खोक्याच्या अगदी मधोमध बसली. चौकटी बाहेर काढल्या तेव्हा इतकी जागा झाली की तिच्याभोवती सांडगेसुद्धा मावले.

दोनला गाडी आली, आणि गाडीतून ताई उतरल्या. तोंड धुतलेलं, साडी बदललेली, हसू पुन्हा जागच्या जागी. त्यांच्या हातात एक गोल, चकचकीत कागद होता. त्यावर त्यांचा चेहरा आणि 'पारंपरिक चवीची मायेची भेट'. एवढ्याशा वेळात छापूनही आणला होता! थू! त्यांनी तो खोक्यावर चिकटवला आणि कॅमेऱ्याला खूण केली.

फडतरेनं काकींकडं पाहिलं. काकींनी गाडीकडं पाहिलं. गाडी ताईंची होती. कागदाचा एक कोपरा उचकटला होता. काकी वाकल्या आणि आपल्या अंगठ्यानं त्यांनी तो दाबून बसवला. खोकं जायला हवं होतं. फोटोत त्यांचा अंगठा आला.

खोकं गेलं.

दिवस कलला तसा फोन वाजला. तिकडं अजून दुपार होती. काचेत धैर्यशील: गाल बसलेले, डोळे मोठे झालेले, मागं तंबूचं कापड हलत असलेलं.

"आये, काय धुडगूस घातलास म्हणं! फडतऱ्याचा फोन आलता. चटणी निघाली?"

"निघाली." काकींनी फोन दोन्ही हातांनी धरला. "धीरू, मागल्या साली पुरलंत आन् मला एक नंबर म्हणालास."

कापड हललं, थांबलं, हललं.

"समदे न्हाई पुरले, आये," तो म्हणाला. "तुझा एक वळखला म्या. तू वळताना शेवटाला अंगठा दाबतीस न्हवं, तसा खड्डा हुता त्येला. मातीत टाकवंना. वरनं खरवडला आन् खाल्ला." तो हसायला लागला, आईला हसवावं म्हणून. "दोन दिस आडवा हुतो, पर खाल्ला. समदा."

काकींनी फोन कणगीवर ठेवला. त्या मोरीपर्यंत कशाबशा पोचल्या आणि भिंतीला धरून भडाभडा ओकल्या. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. तरी ओकत राहिल्या. वर्षभर अभिमानानं पोटात वागवलेला तो 'एक नंबर' लाडूच जणू बाहेर पडत होता, आतडी पिळवटून, घास घास, केसाळ, राखाडी, आंबूस. दारातून कलतं ऊन आत आलं होतं. कणगीवर फोनची काच उजळलेली होती, तीत पोराला नुसतं घराचं आढं दिसत असणार, आणि त्या दूरच्या, लाल मातीच्या मुलखातून एक वाळलेला, घाबरलेला आवाज रिकाम्या घरात हाका मारत होता, "आये? आये गं? आये..."